चांदीची चिनी स्मृतिपदके: पैसे मोजण्याआधी काय काय तपासावे?

सात_रस्ता

नमस्कार मंडळी. चांदीची चिनी स्मृतिपदके जमवायला सुरुवात करायची आहे. सोलापुरातच तीन नग विकायला आहेत आणि विक्रेता तिन्हींना ‘दुर्मीळ चिनी पदक’ म्हणतो. विचार करायला त्याने आठवडा दिलाय.

पहिला नग रुपयापेक्षा मोठा, साधारण ३९ मिमी. एका बाजूला समोर बघणारा मिशीवाला चेहरा, दुसऱ्या बाजूला कमानदार छपराचा मंडप. आकडा कुठेच नाही. विक्रेता म्हणतो १९२१ चा. रंग काळपट आहे.

दुसरा चांगलाच जड, पाच औंसाचा, पांडाचे चित्र, इंग्रजीत अमेरिकेतल्या नाणे प्रदर्शनाचे नाव, अटलांटा, १९८७. गोल कॅप्सूल, डबी आणि क्रमांकाचा कागद सोबत आहे.

तिसरा १ औंसाचा पांडा, वर २०१८ आणि १० असे आकडे आहेत. चकचकीत.

प्रश्न असे: ही पदके आहेत की नाणी? चांदी खरी आहे हे नग खराब न करता घरी कसे तपासायचे? मंगळवार पेठेत सराफाकडे कसाला लावून घेतले तर चालेल का? पहिला उजळून घ्यावा का? आणि ग्रेडिंगसाठी, म्हणजे कंपनीकडून खरेपणा आणि दर्जा ठरवून घ्यायला, बाहेर पाठवायचे झाले तर काय करावे लागते?

ठसा_आणि_कड

सात_रस्ता, सर्वांत आधी एक सांगतो. पहिला नग उजळायला कोणाकडे देऊ नका आणि कोणत्याच नगाला कसोटीच्या दगडाचा स्पर्श होऊ देऊ नका. दगडावर ओढलेली एक रेघ म्हणजे कडेवरचा कायमचा ओरखडा. सराफाच्या दृष्टीने तो तपासणीचा भाग असतो. संग्राहकाच्या दृष्टीने त्या क्षणी नगाची अर्धी किंमत गेलेली असते.

आता नाणे की पदक. चीनच्या १९४९ नंतरच्या चांदीच्या नाण्यावर देशाचे पूर्ण नाव असते, ते सात चिनी अक्षरांचे. साल असते आणि युआनमध्ये दर्शनी मूल्य असते. पदकावर दर्शनी मूल्य नसते. पदकाला चिनीत ‘झांग’ म्हणतात आणि नाण्याला ‘बी’. त्यामुळे ‘जीनियेनबी’ म्हणजे स्मृतिनाणे आणि ‘जीनियेनझांग’ म्हणजे स्मृतिपदक. सोबतचा कागद चिनीत असेल तर फोनवर भाषांतर करून यांतला कोणता शब्द आहे तेवढे पाहा, पुष्कळ उलगडा होतो.

या हिशेबाने तुमचा तिसरा नग पदक नाहीच. त्यावर १० आहे, म्हणजे तो १० युआनच्या पांडा नाण्यासारखा केलेला आहे. आता त्याच्यावर वजन काय लिहिलेय ते बघून सांगा. चीनने २०१६ पासून पांडा नाण्यांचे वजन औंसावरून ग्रॅमवर आणले. चांदीचे नेहमीचे नाणे ३१.१ ग्रॅमचे होते ते ३० ग्रॅमचे झाले आणि नाण्यावरही ३० ग्रॅमच लिहिलेले असते. २०१८ चा १० युआनचा पांडा आणि वर ‘१ औंस’ हे एका नगावर येऊच शकत नाही. नक्कल करणारे जुन्या ठशाची प्रत काढतात, साल तेवढे बदलतात आणि वजनाची ओळ तशीच राहून जाते.

पहिल्या नगाकडे येतो, कारण खरा विषय तिथेच आहे. वर्णनावरून तो श्यू शिचांगच्या मंडपाच्या डॉलरसारखा दिसतो. श्यू १९१८ ते १९२२ चीनच्या प्रजासत्ताकाचा राष्ट्राध्यक्ष होता. त्यावरची तारीख अशी वाचायची: प्रजासत्ताकाचे दहावे वर्ष, नववा महिना. प्रजासत्ताकाच्या वर्षात १९११ मिळवले की इसवी सन येते, म्हणजे सप्टेंबर १९२१. दहाचे अक्षर अगदी साध्या अधिकच्या चिन्हासारखे असते, ते आधी शोधा. या नगाचे दोन प्रकार आहेत. एकावर ‘स्मृतिनाणे’ या अर्थाची तीन अक्षरे आहेत, दुसऱ्यावर नाहीत. किमतीत फरक पडतो, म्हणून विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो घ्या.

आकडा नसूनही याला डॉलर का म्हणतात, असे विचाराल. वजन आणि आकार चालू डॉलरचाच ठेवलेला असतो म्हणून. १९१४ च्या नाणे कायद्यात डॉलरचे वजन ०.७२ कुपिंग ताएल (चीनचे जुने सरकारी वजन), म्हणजे सुमारे २६.८६ ग्रॅम ठरवले होते. त्याच घरातले आणखी दोन नग लक्षात ठेवा. १९२३ च्या राज्यघटनेनिमित्तचा राष्ट्राध्यक्ष त्साओ कुनचा, आणि १९२४ चा सरकारप्रमुख त्वान छीरुइचा, ज्याच्या मागे ‘शांती’ या अर्थाची दोन अक्षरे आहेत. यांनाही दर्शनी मूल्य नाही, तरी लिलावाच्या यादीत ते नाण्यांबरोबरच येतात. तिथे ‘कान’ किंवा ‘एल-एम’ या चिनी नाण्यांच्या सूचींतला क्रमांक दिलेला असतो. विक्रेत्याला तो क्रमांक विचारा. दुर्मीळ म्हणून विकणाऱ्याला तो सांगता यायलाच हवा.

आता भिंग घ्या, दहापटीचे. ‘देश’ या अर्थाचे अक्षर शोधा, एक चौकट आणि तिच्या आत काहीतरी. १९२१ च्या नगावर चौकटीच्या आत गिचमीड असते: तिरपी लांब रेघ, छोटा चौकोन, वर एक टिंब. आजच्या चिनी लिपीत त्याच चौकटीत तीन आडव्या रेघा, मधून एक उभी आणि बाजूला टिंब, एवढेच राहिले आहे. ही सोपी लिपी सरकारने १९५६ पासून लागू केली. प्रजासत्ताकाच्या काळातल्या नगावर सोपे अक्षर दिसले तर पुढची कुठलीच तपासणी करायची गरज नाही. दुसरे, जुना मजकूर उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. नकलेवर तो डावीकडून जुळवलेला सापडतो.

मग कड. नग बोटांच्या चिमटीत कडेनेच धरा आणि दिव्याखाली हळूहळू फिरवा. ओतीव नकलेच्या कडेवर साच्याच्या दोन भागांचा जोड बारीक रेघेसारखा दिसतो, किंवा तो घासून काढल्याच्या आडव्या खुणा दिसतात. ठशाने पाडलेल्या नगाच्या कडेचे दाते सरळ, सारख्या अंतरावर आणि टोकदार असतात. ओतीव नगाचे दाते साबणाच्या वडीवर उमटवल्यासारखे गोलसर लागतात. आणि चेहऱ्याच्या बरोबर वर, घड्याळात बारा असतात त्या जागी, नीट बघा. चांदीचे डॉलर गळ्यात घालण्यासाठी कडी झाळून वापरले गेले आहेत. कडी काढली तरी झाळेची पिवळसर झाक आणि कानशीच्या खुणा राहतातच. असा नग खरा असू शकतो, पण त्याची किंमत वेगळी.

मापकाटा

चांदीच्या तपासणीचे मी सविस्तर लिहितो. लागणारे सामान: ०.०१ ग्रॅम दाखवणारा दागिन्यांचा काटा, व्हर्निअर कॅलिपर, काचेचा ग्लास, बारीक नायलॉनचा धागा, साधा थर्मामीटर आणि शुद्ध पाणी, म्हणजे बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. व्हर्निअर नगाला लावताना मध्ये पातळ कागद धरा आणि त्याची जाडी वजा करा, नाहीतर जबड्याची खूण उठते.

आधी व्यास आणि जाडी, कारण पाण्यात न घालता यातच बरेच कळते. ३१.१ ग्रॅम शुद्ध चांदीचे आकारमान २.९६५ घनसेंमी होते. व्यास ४० मिमी असेल तर सरासरी जाडी २.३६ मिमी येते. तेच वजन पितळेत बसवायचे तर जाडी २.९ मिमीच्या आसपास न्यावी लागते. म्हणजे व्यास आणि वजन दोन्ही बरोबर असेल तर जाडीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडणारच. काठ उचललेला असतो म्हणून कडेवर सरासरीपेक्षा थोडे जास्त माप येते, हे धरून चाला.

आता घनता. ग्लासात पाणी घेऊन तो काट्यावर ठेवा आणि काटा शून्य करा. नग धाग्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा लटकवा. तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काटा जे दाखवेल ते नगाने सारलेल्या पाण्याचे वजन. नगाच्या कोरड्या वजनाला त्याने भागा, घनता मिळाली.

उदाहरण घ्या. नग २६.७० ग्रॅम, पाण्यातला आकडा २.५९. भागाकार १०.३१. शुद्ध चांदीची घनता १०.४९, ९२५ ची (हजारात ९२५ भाग चांदी) १०.३६, ९०० ची १०.३१ आणि ८९० ची १०.३०. म्हणजे जुन्या चिनी डॉलरला हे जुळते. तोच नग जर्मन सिल्व्हरचा (चांदी नसलेला पांढरा मिश्रधातू) असेल तर पाण्यातला आकडा ३.०७ च्या आसपास येईल आणि घनता ८.७. हा फरक लपत नाही.

चूक तीन ठिकाणी होते. पहिली बुडबुड्यांची. चेहऱ्याच्या हनुवटीखाली, मंडपाच्या छपराखाली, अक्षरांच्या खोबणीत हवेचा बारीक थेंब अडकतो. बुडबुडा आकारमान वाढवतो आणि घनता कमी दाखवतो, त्यामुळे खरा नगही खोटा ठरतो. पाण्यात भांड्याच्या द्रव साबणाचा एक थेंब टाका, नग एकदा बाहेर काढून परत बुडवा आणि भिंगाने पाहा. दुसरी चूक धाग्याची. जाड सुती धागा स्वतःच पाणी पितो, म्हणून बारीक नायलॉन.

तिसरी चूक आपल्या सोलापूरची आहे म्हणा. वरच्या भागाकारात पाण्याची घनता १ धरलेली असते. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे घरात ठेवलेले पाणीसुद्धा ३८ ते ४० अंशांवर असते. ४० अंशांना पाण्याची घनता ०.९९२२, ३० अंशांना ०.९९५७. म्हणून भागाकार या आकड्याने गुणायचा. गुणले नाही तर ८९० चा नग १०.३८ दाखवतो आणि माणूस त्याला ९२५ पेक्षा चांगली चांदी समजून बसतो. डिस्टिल्ड पाण्याची बाटली माठात ठेवून गार करा किंवा थर्मामीटर बुडवून गुणाकार करा.

काट्याबद्दलही एक गोष्ट. लहान नगाला ०.०१ चाच काटा हवा. १ औंसाच्या नगाचा पाण्यातला आकडा जेमतेम २.९७ असतो. स्वयंपाकघरातला ०.१ ग्रॅमचा काटा वापरला तर तेवढ्याच चुकीने घनता १०.१५ पासून १०.८६ पर्यंत कुठेही जाते, म्हणजे काहीच कळले नाही. पाच औंसाचे उलट आहे. त्याचा आकडा १४.८ च्या आसपास येतो, तिथे ०.१ ग्रॅमची चूक चालून जाते. पण सुमारे ७० मिमीचा नग लटकवायला मोठे भांडे लागते आणि भांडे-पाणी मिळून २०० ग्रॅमचा काटा बंद पडतो. त्याला एक किलोपर्यंतचा काटा लागेल.

मात्र सात_रस्ता, तुमचा दुसरा नग कॅप्सूलमध्ये आहे. तो पाण्यासाठी बाहेर काढू नका. आरशासारखी सपाटी असलेल्या नगावर पाण्याचा डाग आणि पुसल्याची रेघ दोन्ही कायमचे बसतात. कॅप्सूलसकट वजन करा, त्याच मापाची रिकामी कॅप्सूल मिळवून तिचे वजन वजा करा. १५५.५ ग्रॅमच्या जवळ यायला हवे.

पाण्यातून काढलेला नग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात धुवा आणि मऊ सुती कापडावर ठेवून वरून टिपा. घासायचे नाही.

जुनी_पेठ

मापकाटा दादांनी घनतेचे छान समजावले. चुंबक आणि मशीन यांबद्दल थोडी भर घालतो, कारण दुकानात हेच दोन उपाय दाखवले जातात.

निओडिमियमचा छोटा चुंबक तिरप्या धरलेल्या चांदीवरून हळू घरंगळतो, हे खरे. पण तांब्यावरूनही तो तितकाच हळू घरंगळतो. म्हणजे तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेला नग चुंबकाच्या परीक्षेत पास. चुंबकाने लोखंड, शिसे आणि पितळ बाजूला काढता येते, एवढाच त्याचा उपयोग. हॉलमार्किंग सेंटरमधले एक्स-रेचे मशीन नगाला इजा करत नाही, म्हणून कसोटीपेक्षा शंभर पटींनी बरे. पण ते फक्त वरचा पातळ थर वाचते. मुलामा पुरेसा जाड असेल तर तेही ९९९ म्हणेल. चुंबक आणि मशीन दोन्ही तांब्याला चांदी म्हणतील, पण पाण्यात तांब्याची घनता ९ च्या खाली येते आणि तिथेच पकडले जाते. म्हणून तिन्ही करा, आणि पाण्याच्या तपासणीवर जास्त विश्वास ठेवा.

सराफ बाजारात वजन विचारताना तोळ्याची भानगड लक्षात असू द्या. आज दुकानात तोळा म्हणजे १० ग्रॅम. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. २६.८६ ग्रॅमचा डॉलर जुन्या हिशेबाने २.३ तोळे आणि आजच्या हिशेबाने २.७ तोळे भरतो. जुन्या चिठ्ठीवरचा आकडा आणि आजचा काटा जुळत नाहीत म्हणून खरा नग परत करू नका. वजन नेहमी ग्रॅममध्येच लिहून घ्या.

आता माझे मत. सुरुवात करणाऱ्याने १९२१ चा सुटा, ग्रेडिंग नसलेला नग विकत घेऊ नये. चिनी प्रजासत्ताकाच्या डॉलरांची नक्कल खऱ्या चांदीतसुद्धा केली जाते. वजन जुळेल, घनता जुळेल, आणि तरी ठसा खोटा असेल. तिएनत्सिनच्या टांकसाळीत काम केलेल्या लुईजी जॉर्जी या इटालियन ठसेकाराची सही असलेले राष्ट्राध्यक्ष युआन शिकाईचे नग तर याबाबत बदनामच आहेत. सहीची अक्षरे कोरायला फार कसब लागत नाही आणि किंमत मात्र कैक पटींनी वाढते.

ठशाची नक्कल पकडायचा एक खात्रीचा मार्ग आहे. लिलावांच्या जुन्या फोटोंमधले त्याच जातीचे आठ-दहा नग शेजारी ठेवून पाहा. खऱ्या नगांवरचे ओरखडे प्रत्येकाचे वेगळे असतात, कारण ते नंतर पडलेले असतात. नकलेचा ठसा एका वापरलेल्या नगावरून बनवलेला असतो, त्यामुळे त्या मूळ नगाचा ओरखडा प्रत्येक नकलेवर त्याच जागी, त्याच वळणाने येतो. गालावरची एकच खूण दोन वेगळ्या नगांवर दिसली की समजायचे.

ठसा_आणि_कड

जुनी_पेठ यांच्याशी नकलेबाबत पूर्ण सहमत. सुटा नग घेऊच नये, हे मात्र मला पटत नाही. हाताळल्याशिवाय डोळा तयार होत नाही. पण तो नग दुर्मीळाच्या किमतीत घेऊ नका. चांदीच्या भावाला वजन आणि शुद्धतेने गुणून जी रक्कम येते तिच्या थोडे वर जाऊन मिळत असेल तरच शिकण्यापुरता घ्या.

दुसऱ्या नगाबद्दल. १९८० च्या दशकात चीनने परदेशी नाणे प्रदर्शनांसाठी पांडाची चांदीची पदके काढली, आणि ‘स्मृतिपदक’ हा शब्द त्यांना सर्वांत योग्य बसतो. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनचे अधिवेशन १९८६ ला मिलवॉकीत, १९८७ ला अटलांटात, १९८८ ला सिनसिनाटीत झाले. तुमच्या नगावर अटलांटा आणि १९८७ आहे, म्हणजे शहर आणि साल जुळते. हे न जुळणाऱ्या नकलाही फिरतात, म्हणून आधी तेच बघायचे. कागदावरचा क्रमांक हा पुरावा मानू नका. कागद छापणे नग पाडण्यापेक्षा सोपे असते. डबी, कॅप्सूल, कागद आणि नग हे सगळे एकत्र बसते का ते बघा. आणि चिनी नगांच्या बाबतीत जाहीर झालेली संख्या बऱ्याचदा मंजूर केलेली कमाल संख्या असते, प्रत्यक्षात पाडलेले नग त्याहून कमी असू शकतात. विक्रेता संख्या सांगत असेल तर ती कोणती, हे विचारा.

आणखी एक, सोलापूरकर म्हणून. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांमुळे आपल्याकडे चीनच्या वस्तूंची ओढ वेगळी आहे आणि असावीही. ते १९१० मध्ये इथे जन्मले, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. चीनने १९८२ मध्ये त्यांच्यावर दोन टपाल तिकिटे काढली. कोणी ‘कोटणीस पदक’ म्हणून चांदीची वस्तू दाखवली तर भावनेच्या भरात हो म्हणू नका. चीनमध्ये ते क दीहुआ या तीन अक्षरी चिनी नावाने ओळखले जातात. चिनी वस्तू असेल तर ते नाव, १९१० आणि १९४२ ही साले आणि पाडणाऱ्या टांकसाळीचा उल्लेख शोधा. यांतले काही नसेल तर चांदीच्या भावापुढे जाऊ नका.

गिरणगाव

साठवणुकीचे कोणीच लिहिले नाही म्हणून लिहिते.

चांदी काळी पडते ती गंधकाने. आपल्याकडे सूत आणि टॉवेल रंगवण्याच्या कामात गंधकी रंग वापरतात, विशेषतः काळा, आणि त्याबरोबर सोडियम सल्फाइड येते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे किंवा रंगाचे काम चालते अशा कुठल्याही ठिकाणाजवळ राहत असाल तर उघड्यावरची चांदी लवकर काळवंडते. तिथे नग हवाबंद कॅप्सूलमध्ये आणि ती कॅप्सूल परत झिपच्या पिशवीत, अशी दुहेरी सोय करा. पावसाळ्यात पिशवीत सिलिका जेलची पुडी टाका आणि रंग बदलला की बदला. रबरबँड, लोकर, वर्तमानपत्राचा कागद, मखमलीची डबी या सगळ्यांतून गंधक किंवा आम्ल येते. कपाटात डांबरगोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने कॅप्सूलचे प्लास्टिक मऊ आणि धुरकट होते. कपाट पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत ठेवू नका.

मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांपासून सांभाळा. ते पीव्हीसी असते आणि काही वर्षांनी नगावर हिरवट चिकट थर सोडते. ओळखायचे असेल तर तांब्याची तार तापवून पाकिटाच्या कापलेल्या तुकड्याला लावा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की पीव्हीसी. हे खिडकीपाशी करा, धूर वाईट असतो. थर बसलाच असेल तर शुद्ध ॲसिटोन, नेलपॉलिश काढायचे नव्हे. काचेच्या तीन वाट्यांत थोडे थोडे घ्या, नग पहिल्या वाटीत दहा मिनिटे ठेवा, मग दुसरीत, मग तिसरीत. कापूस लावायचा नाही. जवळ गॅस किंवा निरांजन पेटलेले नको. ॲसिटोन चांदीला काही करत नाही, तेलकटपणा आणि प्लास्टिकचा थर तेवढा काढतो.

पहिल्या नगाची काळपट छटा मात्र राहू द्या. चिंच, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही लावले की पृष्ठभागावर केसासारख्या रेघा पडतात. सोड्याच्या गरम पाण्यात ॲल्युमिनियम फॉइल घालून काळेपणा जातो, पण खाली मातकट पांढरा पृष्ठभाग उरतो. ठशाने उमटलेली चमक परत आणता येत नाही. ९९९ च्या नगांवर दुधासारखे पांढरे डाग येतात, त्यांनाही हात लावू नका, कशानेच नीट जात नाहीत.

जुनी_पेठ

ग्रेडिंगचा प्रश्न राहिला. इथे कायद्याकडे लक्ष द्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षे झालेले नाणे किंवा कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरते, मग ती कोणत्याही देशाची असो. खासगी व्यक्तीला ती भारताबाहेर पाठवता येत नाही. १९२१ चा नग ही मर्यादा ओलांडून गेला आहे. तो पाकिटात घालून ग्रेडिंगसाठी परदेशी पाठवणे म्हणजे गुन्हा. १९८७ च्या पदकाला हा अडसर नाही, पण पाठवताना आणि परत आणताना कस्टमची कागदपत्रे लागतात. परत येणारी वस्तू आपलीच आहे हे दाखवणारा कागद जाण्याआधीच करून घ्या. चांदीच्या आयातीचे नियम अधिसूचनेने बदलत राहतात, म्हणून कस्टम एजंटाला त्याच आठवड्यात विचारा.

म्हणून जुना डॉलर घ्यायचाच तर आधीच ग्रेडिंग होऊन बंद डबीत आलेला आणि भारतातच असलेला घ्या. डबीवरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाका आणि तिथला फोटो नगाशी ताडून पाहा: ओरखडे, काळेपणाचा आकार, कडेवरची खूण. क्रमांक खरा आणि डबी खोटी असे प्रकार होतात, फोटो मात्र जुळवता येत नाही.

सात_रस्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. विक्रेत्यासमोर बसून मोजले. पाणी ३३ अंश होते.

पहिला: वजन २६.६१, पाण्यात २.५८. देशाच्या अक्षराच्या चौकटीत गिचमीड आहे, मजकूर उजवीकडून आहे. पण बाराच्या जागी कडेवर तिरप्या बारीक रेघा आणि थोडी पिवळसर झाक दिसते.
दुसरा: रिकामी कॅप्सूल वजा करून १५५.६.
तिसरा: वजन ३१.०, पाण्यात ३.५६. वर ‘१ औंस’ लिहिलेय.

मापकाटा

तिसरा: ३१.० भागिले ३.५६ म्हणजे ८.७१, गुणिले ०.९९४७, आले ८.६६. चांदी नाही. परत द्या.

पहिला: २६.६१ भागिले २.५८ म्हणजे १०.३१, गुणून १०.२६. काट्याच्या शेवटच्या आकड्यातली चूक धरली तर १०.२२ ते १०.३० मध्ये कुठेही. चांदी आहे आणि जुन्या डॉलरच्या शुद्धतेला जुळते. ठसा खरा की खोटा हे यातून कळत नाही.

दुसऱ्याचे वजन बरोबर आहे.

ठसा_आणि_कड

पहिल्यावर झाळ आहे, म्हणजे कडी काढलेला नग. ठसा खरा निघाला तरी तो दागिना झालेला डॉलर, त्यामुळे दुर्मीळाची किंमत मागत असेल तर नको. ठशाचे फोटो टाका: चेहरा, मंडप आणि कड, तिन्हींवर प्रकाश एका बाजूने तिरका पडू द्या, फ्लॅश नको. जुन्या लिलावांतल्या नगांशी ताडून सांगतो. तोवर पैसे देऊ नका.

दुसरा घ्या. पावतीवर ‘चांदीचे पदक, अटलांटा १९८७, १५५.६ ग्रॅम, कॅप्सूल व डबीसह’ असे लिहून घ्या आणि घरी नेण्याआधी कॅप्सूलच्या दोन्ही बाजूंचे फोटो त्याच्यासमोरच काढा.